उभ्या ट्रकला सुट्टी नसते

ओरलला एक्स्टर्नल सरांनी "यंत्राची झीज कशाने होते?" असं विचारलं की आपलं उत्तर तयार असतं. घर्षणाने, भाराने, उष्णतेने आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणाने. उत्तर बरोबर आहे, मार्कही मिळतात. पण ही चारही कारणं यंत्र चालू असतानाची आहेत. म्हणजे यंत्र बंद ठेवलं तर झीज शून्य, हे आपण न बोलताच मान्य करून टाकतो. फटीगच्या चॅप्टरमधला एस-एन कर्व्ह आठवा. १९व्या शतकात जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर केलेल्या प्रयोगांतून ही कल्पना पुढे आली. त्या आलेखाच्या आडव्या अक्षावर असतात सायकल्स. दिवस, महिने, पावसाळे त्यात कुठेच नाहीत. त्या आलेखाला विचाराल तर सहा महिने झाडाखाली उभा असलेला ट्रक सहा महिन्यांनीही तितकाच तरुण!

आता हाच प्रश्न एखाद्या ट्रकमालकाला विचारून बघा. तो सांगेल, "चालती गाडी कमी खर्च काढते, उभी गाडी जास्त." माझं मत असं आहे की या बाबतीत तो बरोबर आहे आणि आपला अभ्यास अर्धा आहे. आणि ही उणीव फक्त पुस्तकी नाही. रस्त्यावर ती माणसांच्या जिवावर येते.

लांबचं उदाहरण कशाला? आपल्या होस्टेलवर कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडची बरीच मुलं आहेत. त्यांनी ऊस वाहणाऱ्या ट्रकचं वर्ष जवळून पाहिलेलं असतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचं गाळप सुरू होतं, मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. या काळात ट्रकला दिवस-रात्र उसंत नसते. हंगाम संपला की काही ट्रक दुसऱ्या भाड्याला जातात, पण बरेचसे घरासमोर, बांधावर नाहीतर वस्तीवर उभे राहतात. ते उभे राहतात तो काळही नेमका पावसाळ्याचा. चार-पाच महिने पाऊस, चिखल, दमट हवा. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात एके दिवशी टोळी आली, कारखान्याचा निरोप आला, की त्याच ट्रकवर हौद्याच्या वरपर्यंत ऊस रचायचा आणि अंधारात रस्त्याला लावायचा!

हेच मोठ्या प्रमाणावर आपण अलीकडे दोनदा पाहिलं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा देशभर भरलेले ट्रक महामार्गांवर, ढाब्यांवर, नाक्यांवर जिथल्या तिथे उभे राहिले. त्यानंतर २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला आणि आगारांमध्ये गाड्यांच्या रांगा महिनोन्‌महिने उभ्या होत्या. बस आणि ट्रक यांचं शरीर वेगळं दिसलं तरी खालची हाडं तीच. लॉकडाऊनच्या काळात सरकारने फिटनेस, परमिट अशा कागदांना वेळोवेळी मुदतवाढ दिली. ती योग्यच होती. पण मुदतवाढ कागदांना मिळाली. बॅटरीतल्या आम्लाला आणि टायरमधल्या रबराला कुणी परिपत्रक पाठवलं नव्हतं.

तर उभ्या ट्रकमध्ये नेमकं काय चालू असतं?

सुरुवात बॅटरीपासून करू, कारण तक्रार तिथूनच येते. सेल्फ मारला की नुसतं "टक्". गाडी बंद असली तरी जीपीएस, टेपचं घड्याळ, नव्या गाडीत ईसीयू असं काही ना काही थोडा करंट खातच असतं. समजा ५० मिलिअँपिअर. २४ तासांत १.२ अँपिअर-अवर झाले. १०० अँपिअर-अवरची बॅटरी या हिशेबाने सहा आठवड्यांत अर्धी रिकामी. शिवाय बॅटरी स्वतःहूनही उतरत असते, आणि उन्हाळ्यात जास्त वेगाने. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटवर लेड सल्फेटचे कण बसतात, दिवसेंदिवस कडक होतात आणि पुढे चार्जिंगलाही दाद देत नाहीत. म्हणजे नुसतं टर्मिनल न काढल्यामुळे चांगली बॅटरी कायमची जाते. मोठ्या ट्रकला २४ व्होल्टसाठी अशा दोन लागतात. खर्चाचा आकडा तुम्हीच काढा.

दुसरं डिझेल. अर्ध्या टाकीत वरचा अर्धा भाग हवेचा असतो. दिवसा टाकी तापते, हवा बाहेर जाते. रात्री थंड होते, दमट हवा आत येते आणि पत्र्यावर दव धरतं. हे पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतं. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा बुळबुळीत गाळ फिल्टरमध्ये अडकतो. जुन्या पंपाने हे काही काळ सहन केलं असतं. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल दीड-दोन हजार बार दाबाने इंजेक्टरमधून जातं, तिथल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजायच्या. त्याला पाण्याचा थेंबसुद्धा महाग पडतो.

इंजिनाच्या आत सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर हळूहळू खाली ओघळतो. जे ऑइल खाली सम्पमध्ये आहे ते वापरलेलं असेल तर त्यात जळणातून आलेली आम्लं आणि ओलावा आहेच. त्यात बेअरिंग महिनोन्‌महिने भिजत राहतात. म्हणून ऑइल बदलायचं ते गाडी उभी करण्याआधी. आपल्याकडे पद्धत उलटी, "सीझनला काढताना बदलू, आत्ता कशाला नवीन घालायचं?" याच हिशेबाने क्लच प्लेटही गंजून फ्लायव्हीलला चिकटते. मग पेडल दाबलं तरी गिअर पडत नाही.

टायरचं दुखणं डोळ्यांना दिसतं, तरी दुर्लक्षित राहतं. एकाच जागी महिनोन्‌महिने वजन पेलून जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. नायलॉनच्या टायरला हे जास्त जाणवतं. थोडा चपटेपणा चालून गरम झाल्यावर जातो, फार दिवसांचा मात्र राहतो. हवा कमी होत गेली की चपटेपणा वाढतो. टायरच्या रबरात ओझोनपासून बचावासाठी मेण मिसळलेलं असतं. टायर फिरताना वाकतो, तेव्हा हे मेण पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या टायरला ही सोय नाही, म्हणून त्याच्या बाजूंवर बारीक भेगा पडतात. वरची नक्षी बघून मालक म्हणतो, "टायर अजून नवा आहे." नक्षीला किलोमीटर कळतात, रबराला वर्षं कळतात. टायरच्या बाजूवर चार अंक छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ मधला २३वा आठवडा. होस्टेलच्या पार्किंगमध्ये आपापल्या बाइकचा टायर वाचून बघा, गंमत म्हणून.

बेअरिंगची गोष्ट तर आपल्या मटेरियल लॅबशी नातं सांगणारी आहे. तिथे आपण पोलादी गोळी दाबून ब्रिनेल हार्डनेस काढतो. उभ्या गाडीला बारीक हादरे बसत राहिले, तर बेअरिंगच्या रोलरखालचं ग्रीस बाजूला होतं आणि धातूवर रोलरच्या अंतराने खड्डे पडतात. ते ब्रिनेलच्या खड्ड्यांसारखे दिसतात, म्हणून याला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. १९३० च्या दशकात अमेरिकेत रेल्वेने पाठवलेल्या कोऱ्या मोटारींच्या चाकांत असे खड्डे सापडले होते. एक किलोमीटरही न धावलेल्या गाड्या!

आता ब्रेक. इथे मात्र मला थोडं थांबायचं आहे, कारण बाकीच्या बिघाडांनी गाडी बंद पडते, या बिघाडाने ती थांबत नाही.

बहुतेक जड ट्रकांचा पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. टाकीतली हवा निसटली की स्प्रिंग आपोआप ब्रेक धरून ठेवते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही कल्पना फार सुंदर आहे. पण पावसाळाभर लायनर ड्रमवर दाबलेले राहिले आणि मधे ओल शिरली, की गंज दोघांना चिकटवून टाकतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी चाक फिरत नाही. मग ड्रायव्हर पुढे-मागे झटके देतो, 'कडाक्' आवाज येतो, चाक सुटतं आणि सगळे खूश होतात. पण चाक सुटणं आणि ब्रेक नीट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या झटक्यात लायनरचा तुकडा निघालेला असू शकतो. ड्रमवर गंजाचे पट्टे असतात. ब्रेक उघडणारा एस-कॅम ग्रीसअभावी बुशमध्ये अडखळतो. हवेच्या टाकीत पाणी साचलेलं असतं, ते व्हॉल्व्हपर्यंत जातं. परिणाम असा की एका चाकाला ब्रेक जास्त लागतो, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला उशिरा. रिकाम्या गाडीत ड्रायव्हरला हे जाणवेलच असं नाही. वर ऊस भरला, उतार आला, समोर बैलगाडी किंवा सायकल आली, की जाणवतं. तेव्हा उशीर झालेला असतो.

"हे सगळं जुन्या गाड्यांचं, नव्या बीएस-६ गाड्यांत प्रश्न नाही," असं कुणी म्हणेल. उलट तिथे एक प्रश्न वाढला आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या या ट्रकांत धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला युरियाचं द्रावण वापरतात. त्यात युरिया ३२.५ टक्के, बाकी शुद्ध पाणी. ३० अंशांपर्यंत ते साधारण वर्षभर टिकतं, ३५ अंशांना सहा महिने. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या ट्रकच्या टाकीचा विचार करा. द्रावण सुकलं की नोझलवर पांढरे खडे जमतात, त्याची प्रत बिघडली की सेन्सर ओरडतो आणि इंजिनाची ताकद कमी केली जाते. आणखी एक बारकावा आहे. किल्ली बंद केल्यावर हा पंप थोडा वेळ चालून नळीतलं द्रावण परत टाकीत ओढून घेतो. त्याआधीच मेन स्विच काढला तर द्रावण नळीत राहून तिथेच सुकतं. म्हणजे बॅटरी वाचवायचा सल्लासुद्धा अर्धवट दिला तर नुकसान करतो.

असाच अर्धवट आणि सर्वात लोकप्रिय सल्ला म्हणजे, "आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करून ठेवत जा." लॉकडाऊनमध्ये हा सगळ्यांच्या तोंडी होता. जरा केमिस्ट्री आठवा. डिझेलमध्ये वजनाने साधारण १३-१४ टक्के हायड्रोजन असतो. तो जळून पाणी होतं. हिशेब केला तर १ लिटर डिझेल जाळल्यावर जवळजवळ १ लिटर पाणी तयार होतं! गरम इंजिनात ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थंड इंजिनात त्यातलं काही सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये उतरतं. पाच मिनिटांत मोठं डिझेल इंजिन तापत नाही, बॅटरीने सेल्फला दिलेली वीजही परत मिळेलच असं नाही, आणि टायर, ब्रेक, बेअरिंग तर जागचे हलतही नाहीत. गाडी सुरू करायचीच असेल तर ती रस्त्यावर न्यावी, १५-२० किलोमीटर चालवून पुरती गरम करावी, मग परत उभी करावी. तेवढं जमणार नसेल तर नीट बांधून ठेवावी आणि मधे हात लावू नये.

यात रॉकेट सायन्स काही नाही. मग हे होत का नाही? मला यामागे दोन कारणं दिसतात.

पहिलं कारण मोजण्याचं. गाडीची सगळी भाषा किलोमीटरची आहे. सर्व्हिस किलोमीटरवर, टायर किलोमीटरवर, जुनी गाडी घेतानाही पहिला प्रश्न "किती चाललीय?" कंपनीच्या पुस्तकात खरं तर "इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं. आपण 'किंवा'च्या अलीकडचं वाचतो, पलीकडचं सोडून देतो.

दुसरं कारण माणसांचं, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. अनेक ठिकाणी ड्रायव्हरला खेपेवर पैसे मिळतात. ट्रक उभा राहिला की त्याचं उत्पन्नही उभं राहतं. तो दुसरीकडे कामाला जातो, क्लीनर गावी जातो. म्हणजे ज्या माणसाला गाडीचा आवाज, तिचा स्वभाव ठाऊक आहे तोच तिच्यापासून दूर जातो. एसटीच्या संपात तर ड्रायव्हरबरोबर वर्कशॉपचे कर्मचारीही बाहेर होते. उभी गाडी ही कुणाचीच जबाबदारी नसते. हप्ता मात्र महिन्याला येतो, विम्याची तारीख येते, आणि मालक म्हणतो, "आत्ता ती कमावत नाही, तिच्यावर खर्च कशाला?" त्याचं म्हणणं चुकीचं आहे, पण समजण्यासारखं आहे. त्याला शहाणपण शिकवण्याआधी आपण त्याला काही सोपं, स्वस्त आणि मराठीत लिहिलेलं दिलं आहे का, हे आपण स्वतःला विचारायला हवं.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत, एक स्टाफसाठी आणि दोन आपल्यासाठी.

स्टाफला विनंती अशी की ऑटोमोबाईलच्या प्रॅक्टिकलमध्ये "उभ्या गाडीची तपासणी" हा एक प्रयोग घालावा. इंजिनाचे भाग ओळखा आणि जर्नलमध्ये आकृती काढा, हे आपण करतोच. त्याऐवजी एकदा खरी, बरेच दिवस न हललेली गाडी समोर ठेवून तिचं बॅटरी व्होल्टेज, टायरचा दाब, डिझेलच्या तळाचं पाणी, ड्रमवरचा गंज यांची नोंद करायला लावा. कॉलेजच्या आवारात अशी गाडी शोधायला लांब जावं लागणार नाही.

फायनल इयरच्या मित्रांना विनंती अशी की प्रोजेक्टचा विषय ठरवताना हवेवर चालणाऱ्या मोटारीचा मोह एखाद्या वर्षी आवरावा. बॅटरीचा व्होल्टेज आणि हवेच्या टाकीचा दाब महिनाभर नोंदवून धोक्याच्या वेळी मालकाला मेसेज पाठवणारी छोटी डबी बनवा. पेटंट मिळो न मिळो, गावात वापरली तरी जाईल.

आणि तिसरी सूचना एनएसएसची. आपल्या कॅम्पमध्ये श्रमदान होतं, वृक्षारोपण होतं, पथनाट्य होतं. चांगलंच आहे. पण आपण इंजिनिअर होणार आहोत. मेच्या अखेरीस, पाऊस पडायच्या आत, एखाद्या ऊसपट्ट्यातल्या गावात दोन दिवस जाऊन उभे ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या नीट बांधून ठेवायला मदत केली, आणि ऑक्टोबरात पुन्हा जाऊन त्या काढताना तपासल्या, तर आपल्या शिक्षणाचा गावाला सरळ उपयोग होईल. गावातल्या मिस्त्रींना बरोबर घ्यावं. हाताचं काम त्यांना आपल्यापेक्षा जास्त येतं, आपण फक्त नोंदी आणि कारणं त्यांच्यासमोर ठेवायची.

सुरुवात म्हणून एका पानावर मावेल अशी यादी इथेच देतो. घरी ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर असेल त्यांनी फाडून नेली तरी संपादक मंडळ रागावणार नाही!

उभी करताना :
१. गाडी रिकामी करून, पाचट आणि चिखल धुऊन, वाळवून ठेवा. पाचटात उंदीर येतात आणि वायरिंग कुरतडतात.
२. जागा सपाट, कडक आणि पाणी न साचणारी हवी.
३. ऑइल आणि ऑइल फिल्टर आधी बदला. डिझेलची टाकी भरून ठेवा.
४. हवेच्या टाक्यांमधलं पाणी सोडा. एस-कॅम आणि इतर जागी ग्रीस मारा.
५. टायरमध्ये पूर्ण हवा भरा. शक्य असेल तर जॅकवर घेऊन स्टँडवर ठेवा.
६. चाकांना दोन्ही बाजूंनी मजबूत लाकडी ठोकळे लावा. सपाट जागा आणि पक्के ठोकळे असतील तरच पार्किंग ब्रेक सोडून ठेवता येतो. तसं करायची रीत आपल्या गाडीच्या पुस्तकात बघूनच.
७. बॅटरी पूर्ण चार्ज करा. बीएस-६ गाडी असेल तर किल्ली बंद केल्यावर पुस्तकात सांगितलेला वेळ थांबा, मगच टर्मिनल काढा.
८. काय काय केलं ते तारखेसह कागदावर लिहून स्टिअरिंगला बांधा.

पुन्हा काढताना :
१. सेल्फ मारायच्या आधी खाली वाकून बघा. गळती, भेगा, उंदरांची घरटी.
२. वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा, ऑइल-कूलंट बघा, टायरची हवा आणि वय बघा.
३. हवा ७-८ किलो होईपर्यंत गाडी जागची हलवू नका. इंजिन बंद करून हवा टिकते का ते बघा.
४. चाक चिकटलं असेल तर नुसते झटके देऊन सोडून देऊ नका. ड्रम उघडून लायनर बघा.
५. मोकळ्या जागेत रिकाम्या गाडीचे ब्रेक कमी वेगात तपासा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ऊस भरायचा नाही, टोळी कितीही घाई करो.

या यादीतल्या बऱ्याच कामांना पाना, ग्रीसगन आणि लाकडाचे चार ठोकळे एवढंच लागतं. ऑइल आणि डिझेलचे पैसे आज ना उद्या जाणारच असतात, ते आधी घालायचे एवढंच. खरी कमतरता आहे ती गाडी उभी करणं हेसुद्धा एक काम आहे, असं मानणाऱ्या माणसाची. पुढच्या हंगामाच्या पहिल्या रात्री उसाने भरलेला ट्रक उतारावरून येत असेल आणि पुढे कुणीतरी सायकलवरून घरी चाललेलं असेल. त्या माणसाला एस-एन कर्व्ह माहीत नाही. त्याच्यासाठी जूनमध्ये कुणीतरी ड्रमजवळ वाकून ग्रीस मारलेलं असलं पाहिजे. ते कुणीतरी आपल्यापैकी असायला काय हरकत आहे?

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी